शेपरचे यजमान

माणूस वस्तू घरी आणतो ती रोखीने, हप्त्याने किंवा भाड्याने. आणल्यावर मात्र तिन्हींना तो 'आमचं' म्हणतो. ही खोड मोडण्यासाठीच हिशेबशास्त्राचा जन्म झाला असावा, असे चिंचवडच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात इतकी वर्षे घालवल्यावर माझे मत झाले आहे. आमच्या शेजारच्या बबनरावांचा रेडिओ हप्त्याचा होता. मी त्यांना एकदा केवळ माहिती म्हणून सांगितले, की शेवटचा हप्ता जाईपर्यंत रेडिओ दुकानदाराचा असतो, आपण फक्त ऐकतो. तेव्हापासून क्रिकेटची कॉमेंट्री लागली की बबनराव खिडकी लावून घेत. शास्त्र माणसाला लोकप्रिय करत नाही.

पण माझ्या शास्त्राची खरी कसोटी लागली ती चौऱ्याहत्तर साली, माझ्या मेहुण्यामुळे. ज्योतीराम हा आमच्या हिचा धाकटा भाऊ. एका मोठ्या कंपनीत टर्नर होता. एके दिवशी त्याने नोकरी सोडली. नुसती सोडली असती तर ठीक होते, पण सोडताना कँटीनमध्ये टेबलावर उभे राहून भाषण केले. दुसऱ्याच्या मशीनवर घाम गाळण्यापेक्षा स्वतःच्या मशीनवर उपाशी मरेन, असे काहीसे ते होते. त्यामुळे परतीची वाट त्याने स्वतःच बंद केली.

भोसरीच्या एमआयडीसीच्या कडेला, गावच्या जमिनीत, सोनबांचा एक पत्र्याचा गोठा होता. सोनबा मूळचे भोसरीचे. म्हशी विकून झाल्या होत्या, गोठा रिकामा होता. त्या गोठ्याच्या बदल्यात ज्योतीरामने त्यांना धंद्यात चार आण्यांचे भागीदार करून घेतले आणि तिथे तीन मशीन्स मांडली. मग हिशेब कोण लिहिणार, असा प्रश्न निघाला. तो निघाला तेव्हा मी जेवत होतो.

"हे लिहितील की," ही म्हणाली. "नाहीतरी रविवारी पेपरच वाचत बसतात."

माझा मोबदला काय, हे कोणीच बोलले नाही. मीही विचारले नाही. सासरच्या व्यवहारात मोबदला विचारणाऱ्या माणसाची आमटी पातळ होते.

पहिल्याच रविवारी सायकल मारत भोसरीला गेलो. ज्योतीरामची वही पाहिली आणि डोळे मिटून घेतले. तीन मशीन्स एकाखाली एक लिहिली होती आणि समोर एकच शब्द होता, 'आपली'. लेथ त्याने रोख घेतला होता, जुन्या बाजारातून, फंडाच्या पैशातून. तो आपला, कबूल. ग्राइंडर पुण्याच्या एका गृहस्थाकडून महिना भाड्याने होता. तो त्या गृहस्थाचा. आणि शेपर, म्हणजे लोखंडाला रंधा मारणारे ते पुढे-मागे जाणारे भरभक्कम यंत्र, पुण्याच्या एका फायनान्स कंपनीकडून हप्त्याने आलेला. इथे शास्त्र मोठे नाजूक होते. शेपर वापरायचा आपण, दुरुस्त करायचा आपण, त्याची झीज धरायची आपण, हप्त्यातले व्याज वेगळे काढून खर्ची टाकायचे आपण, पण मालक मात्र फायनान्स कंपनी. शेवटचा हप्ता भरला की मगच तो आपला.

हे मी सगळ्यांना समोर बसवून समजावून सांगितले. सगळे म्हणजे ज्योतीराम, सोनबा आणि कारागीर भिमाजी. भिमाजी पिंपरीच्या बौद्ध वस्तीतला, लेथवर हात बसलेला माणूस. तो ऐकताना बिडी विझवायचा, म्हणजे ऐकणे गंभीर आहे असे वाटायचे. नंतर कळले, की बिड्या महाग झाल्यामुळे तो एक बिडी तीनदा पेटवायचा.

सोनबांना पटले नाही. "आमच्या गोठ्यात बांधलीया, चारा आमी घालतो, आन मालक पुन्यात? असं कसं वो दाजी?"

दाजी म्हणजे मी. ज्योतीरामचा मी दाजी, म्हणून सोनबांचाही दाजी, आणि पुढे पुढे भोसरीतल्या पानवाल्याचाही. मी खूप उदाहरणे दिली. एकही लागू पडेना. शेवटी मला गावाकडची अर्धल आठवली. सधन माणूस आपली गाय-म्हैस गरिबाकडे सांभाळायला देतो, सांभाळणारा चारापाणी करतो, आणि होणाऱ्या वासरांत दोघांचा निम्मा वाटा. मी म्हटले, "समजा, म्हैस अर्धलीने आणलीय."

सोनबांचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजी शेपर अर्धलीनं आनल्याला हाय. मग आदी सांगायचं न्हाई का?"

मी सुटकेचा श्वास टाकला. इथे चूक झाली. अर्धलीचे सगळे कायदे सोनबांना तोंडपाठ होते आणि ते त्यांनी त्याच दिवसापासून शेपरला लावायला सुरुवात केली. शेण सांभाळणाऱ्याचे असते, म्हणून शेपरखाली पडणारा लोखंडाचा कीस हा आपला. तो भंगारवाल्याला विकून पैसे वेगळे ठेवायचे. जनावर आजारी पडले तर औषधाचा खर्च मालकाचा, म्हणून शेपरचा पट्टा तुटला तेव्हा त्याचे बिल त्यांनी मला खर्चात धरू दिले नाही. खिळ्याला अडकवून ठेवले. "मालक येईल तवा देऊ," म्हणाले. मी म्हटले, सोनबा, मालक म्हणजे कंपनी असते, ती येत नसते. ते म्हणाले, "अर्धलीचा मालक एकदा तरी जनावर बघाय येतोच."

इतक्यावर थांबलो असतो तर बरे होते. पण मी ही हकिकत बबनरावांना सांगितली. बबनराव एका कारखान्यात स्टोअर्सला होते. स्टोअर्सच्या माणसाला कुठल्याही दुःखावर लेबल हा एकच उपाय माहीत असतो. ते म्हणाले, "राव, मशीनवर लिहून टाका. डोळ्यासमोर अक्षर असलं की माणूस घोळ करत नाही." पेंटरही त्यांच्याच ओळखीचा निघाला. त्याने आदल्या आठवड्यात एका बँडवाल्याच्या ढोलावर नाव काढले होते. त्याच हाताने, त्याच रंगात, वेलबुट्टीसह त्याने आमच्या यंत्रांवर लिहिले: लेथवर 'मालकीचे', शेपरवर 'हप्त्याचे', ग्राइंडरवर 'भाड्याचे'.

अक्षर फार सुरेख आले. परिणाम आठवडाभरात दिसू लागला. ग्राइंडर कोणी पुसेना. भिमाजीला विचारले तर म्हणाला, "साहेब, भाड्याच्या सायकलला कोणी तेल घालतं का?" उलट लेथ इतका पुसला जाऊ लागला, की त्याचा मूळचा हिरवा रंग उडाला. आणि शेपरवर काम करणारा माणूस, का कोण जाणे, उगीचच हळू बोलू लागला.

त्यातच एका मोठ्या कंपनीचे खरेदी अधिकारी शेड बघायला आले. ज्योतीरामला त्यांच्याकडून लोखंडी ठोकळे चौरस करून देण्याचे मोठे काम मिळणार होते. साहेब हात मागे बांधून फिरले आणि संग्रहालयातल्यासारख्या तिन्ही पाट्या वाचल्या. शेपरपाशी थांबून म्हणाले, "हप्ते वेळेवर जातात ना?" ज्योतीरामचे कान लाल झाले. माझ्याकडे त्याने जे पाहिले ते बहिणीचा नवरा म्हणून पाहिले नव्हते.

काम मात्र मिळाले. दसरा झाला की त्याच आठवड्यात माल पोचता करायचा. आता मोठ्या कंपनीचे काम मिळणे म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. लोखंड आपण आणायचे, माल आज द्यायचा आणि पैसे तीन महिन्यांनी, तेही तीन खिडक्यांवर तीन सह्या झाल्या तर. हप्त्यासाठी ठेवलेले पैसे ज्योतीरामने लोखंडात घातले. एक हप्ता थकला, मग दुसरा. फायनान्स कंपनीची दोन पत्रे आली. दुसऱ्यात स्वच्छ लिहिले होते, की यंत्र उचलून नेण्यात येईल.

"नेता येतं का त्यांना?" ज्योतीरामने विचारले.

"येतं," मी म्हणालो. "त्यांचंच आहे."

घरी गेल्यावर मला कळले, की हे उत्तर माझ्या आधी घरी पोचले होते. ही ताट वाढताना म्हणाली, की ज्योतीचा शेपर गेला तर काम जाईल, काम गेले तर शेड जाईल, आणि मग तो त्याच कँटीनमध्ये जाऊन कोणाच्या पाया पडेल? मी म्हटले, कायदा मी केलेला नाही. ती म्हणाली, पाटी तर तुम्हीच लावलीत.

अशा वातावरणात खंडेनवमी उगवली.

त्या दिवशी भोसरीत एकही मशीन चालत नाही. सगळी धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून, कुंकवाची बोटे ओढून बसलेली असतात. एकदा पूजेला बसलेले हत्यार दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत जागचे हलवायचे नाही, हा तिथला नियम, आणि तो फॅक्टरी ॲक्टपेक्षा जास्त पाळला जातो. भटजी एकच, शेड शेकडो. आमच्याकडे आलेले भटजी सायकल स्टँडवर न लावता भिंतीला टेकवूनच आत आले.

"यजमान कोण? पटकन बसा. पुढे रांग आहे."

लेथसमोर ज्योतीराम बसला. भटजी शेपरकडे वळले. "हेही तुमचंच ना?"

ज्योतीराम हो म्हणणार, इतक्यात सोनबांनी हात आडवा केला. "न्हाई. ह्यो अर्धलीचा हाय. ल्हिलंय न्हवं?"

भटजींनी पाटी वाचली. सोनबांचे म्हणणे असे, की पूजा मालकाने करायची असते. दुसऱ्याच्या जनावराच्या पूजेला आपण बसलो तर फळ त्याला आणि उपास आपल्याला. भटजी म्हणाले, मग मालकाला बोलवा. मी मध्ये पडून म्हणालो, की कायद्याने मालक फायनान्स कंपनी असली तरी पूजा हा चालू खर्च आहे आणि चालू खर्च वापरणाऱ्याने करायचा असतो. माझ्या मते हा मुद्दा निर्णायक होता. भटजींनी मला बाजूला व्हायला सांगितले, कारण मी कलशावर उभा राहणार होतो.

तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला.

त्यातून चार हमाल उतरले, साखळदंड उतरला आणि शेवटी सफारीतले एक उंच गृहस्थ उतरले. हातात कातडी बॅग. त्यांचे नाव साहेबराव, ते पुढे कळले. वसुलीच्या धंद्यात मुरलेला माणूस. खंडेनवमीला शेडमध्ये सगळे हजर असतात आणि मशीन बंद व स्वच्छ असते, हा हिशेब करूनच ते आले होते. मला त्यांच्या हिशेबाचे मनातल्या मनात कौतुक वाटले. ज्योतीराम पांढराफटक पडला.

साहेबराव दारात उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शेपिंग मशीन आमचं आहे. आम्ही मालक."

सोनबा धावत पुढे गेले. मला वाटले, आता मारामारी होते. त्यांनी साहेबरावांचे दोन्ही हात धरले.

"या, मालक या. तुमच्यामुळंच सगळं खोळांबलंय."

साहेबरावांना आयुष्यात कुठल्याही शेडमध्ये कोणी 'या' म्हटले नसावे. ते गोंधळले. त्या गोंधळात त्यांचे बूट निघाले, बॅग भिंतीशी गेली आणि ते शेपरसमोरच्या पाटावर बसले. भटजींनी त्यांच्या ओंजळीत पाणी घातलेसुद्धा. "गोत्र?" साहेबराव काहीतरी पुटपुटले. "माहीत नसेल तर काश्यप म्हणा," भटजी म्हणाले आणि मंत्र म्हणत सुटले.

ओंजळीत पाणी घेऊन पाटावर बसलेल्या माणसाला नवमीच्या दिवशी उठता येत नाही, मग तो कोणत्याही खात्याचा असो. साहेबरावांनी हळद वाहिली, कुंकू वाहिले, माळ घातली. 'हप्त्याचे' या अक्षरांवर त्यांनी स्वतःच्या हाताने स्वस्तिक काढले. नारळ पहिल्या फटक्यात फुटला. हमालांनी बाहेरून हात जोडले. आरती झाली, दक्षिणा मालकाकडूनच घेऊन भटजी पुढच्या शेडकडे गेले, आणि साहेबराव उठून, गुडघे झटकून, हमालांना म्हणाले, "चला, लावा साखळी."

एकही हमाल हलला नाही. त्यांच्यातला वयस्क माणूस म्हणाला, की मालक, आत्ताच तर तुम्ही पूजेला बसवलं. आता उद्याच्या उत्तरपूजेआधी कसं हलवणार? आमच्या हातून व्हायचं न्हाई.

साहेबरावांनी शेपरकडे पाहिले. त्यांनीच घातलेली माळ, त्यांनीच ओढलेली बोटे. भांडायला समोर कोणी नव्हते.

आता भिमाजी पुढे झाला. पूजेच्या वेळी तो दाराबाहेर चहा पीत बसला होता. "मालक, बक्षिसी," तो नम्रपणे म्हणाला. "मशीनचा मालक नवमीला कामगाराला देतो. आमी पूजेबिजेत नसतो, पण बक्षिसीला ना नाही."

"अरे, मी कसला मालक?"

"तुमीच म्हणालात की. सगळ्यांनी ऐकलं."

साहेबरावांनी खिशात हात घातला. हमालांनीही आपले हात पुढे केले; तेही कामगारच होते. मग सोनबा खिळ्याला अडकवलेले पट्ट्याचे बिल घेऊन आले. जनावर आजारी पडल्यावर औषध मालकाचे, हा कायदा त्यांनी समजावून सांगितला, आणि मालक आलेच आहेत तर गोठ्याचे भाडेही कसे काढायचे ते ठरवून टाकू, म्हणाले.

साहेबराव माझ्याकडे वळले. शेडमध्ये चष्मा मला एकट्यालाच होता.

"तुम्ही शिकलेले दिसता," ते म्हणाले. "यांना जरा समजावून सांगा, की मशीन यांचंच आहे. आमचे फक्त पैसे आहेत."

सगळे माझ्याकडे बघू लागले. माझी अडचण लक्षात घ्या. इतके महिने मी जे तत्त्व कंठशोष करून सांगत होतो, ते सोडले तर मेहुण्याचा फायदा की तोटा, हे मला क्षणभर समजेना. मग समजले. साहेबराव मालक आहेत तोवर खर्च त्यांचा; मालक नसतील तर यंत्र नेण्याचा अधिकारही नाही. कोणतीही बाजू धरली तरी जमा आमच्याकडे येत होती. असा ताळेबंद माझ्या नोकरीत मी पाहिला नव्हता.

"शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालक तुम्हीच," मी म्हणालो. "शास्त्र असं आहे."

सोनबांनी बिल पुढे केले.

साहेबराव पुन्हा तिथल्याच पाटावर बसले. भिमाजीने त्यांना चहा आणून दिला. बशीतून चहा पिता पिता ते म्हणाले, की रिकामा टेम्पो बघून शेठ काय म्हणतील ते म्हणतील, पण पूजेचे मशीन ओढून नेले हे मला माझ्या घरीही सांगता येणार नाही. ज्योतीरामने पहिल्यांदाच तोंड उघडले. काम कुठवर आले आहे, माल कधी जाणार, हे सांगितले आणि चौरस केलेला एक ठोकळा त्यांच्या हातात दिला. साहेबरावांनी तो उलटासुलटा करून पाहिला. मशीन उचलायचा त्यांचा धंदा. त्यातून काय निघते ते त्यांनी बहुधा कधी पाहिले नव्हते. बराच वेळ ते त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. मग बॅग उचलून टेम्पोत बसले.

उद्याचे काय, हे कोणालाच कळले नाही. उत्तरपूजा झाली की यंत्र हलवायला मोकळे. ज्योतीराम म्हणाला, उद्या ते मोठा टेम्पो आणतील.

दसऱ्याला आम्ही सगळेच शेडवर होतो. ही भावाजवळ हवी म्हणून सकाळीच माझ्या सायकलवर मागे बसून आली होती. अकराच्या सुमारास साहेबराव आले. टेम्पो नव्हता. पीएमटीच्या बसमधून उतरून चालत आले, आणि मागून डोक्यावर पदर घेतलेल्या एक बाई.

"यजमानाशिवाय उत्तरपूजा कशी करणार?" साहेबराव जरा लाजून म्हणाले. मग बाईंकडे वळले. "हेच ते. शेपर."

बाईंनी पाटीकडे पाहिले नाही. यंत्राकडे पाहिले. लग्न झाल्यापासून नवरा रोज सकाळी मशीन्सच्या कामाला जातो एवढेच त्यांना ठाऊक होते. आपले म्हणून एक मशीन त्यांना पहिल्यांदाच दिसत होते. त्यांनी हळदकुंकू वाहिले, दोन अक्षता टाकल्या, आणि बटव्यातून पाच रुपयांची घडी केलेली नोट काढून शेपरवर ठेवली. ज्योतीरामला म्हणाल्या, "नीट सांभाळा हो दादा."

ज्योतीरामने मान हलवली.

साहेबरावांनी उत्तरपूजेच्या अक्षता टाकल्या, आपट्याची पाने सगळ्यांना दिली. मला देताना आवाज खाली आणून म्हणाले, की शेठशी बोललोय, माल पोचून बिल निघेपर्यंत थांबू. आणि मग ती पाच रुपयांची नोट उचलून माझ्या हातात ठेवली.

"ही या महिन्याच्या हप्त्यात जमा धरा."

"तसं करता येणार नाही," मी म्हणालो. "मालकाच्या घरच्यांनी मालकाच्याच यंत्राचा हप्ता भरला, असं कुठल्याही पद्धतीत बसत नाही. एक तर ती भेट धरावी लागेल, किंवा..."

भिमाजीने बिडी विझवली.

"लिहा हो," ही म्हणाली.

मी लिहिले.